नानांचा खोटा खजिना

नानांच्या हातावर नाणं ठेवलं की ते त्याच्याकडे बघत नाहीत. डोळे मिटतात, नाणं अंगठ्याच्या नखावर घेऊन उडवतात आणि समोरच्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर पडू देतात. मग मान तिरकी करून ऐकतात. आवाज खणखणीत निघून लांबत गेला तर नानांचा चेहरा पडतो. नाणं 'थप्प' करून गप्प बसलं, तर मात्र चेहऱ्यावर दिवाळी.

नवा माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी उलटं झालंय. पण नानांच्या हिशेबात हेच सुलट आहे. इगतपुरीत जुनी नाणी जमवणारे शोधले तर चार-दोन सापडतील. खोटी जुनी नाणी जमवणारे मात्र नाना एकटेच, आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान आहे. "खरं नाणं काय, टांकसाळ पाडते," ते म्हणतात. "त्यात त्या नाण्याचं कर्तृत्व काय?"

या विकाराचं मूळ रेल्वेत आहे. नाना इगतपुरी स्टेशनच्या तिकीट खिडकीवर होते. हिशेबात कमी भरलेले पैसे क्लार्कने स्वतःच्या खिशातून भरायचे, हा तिथला रिवाज. त्यामुळे खिडकीतून आत आलेला प्रत्येक रुपया नाना वाजवून घेत. इकडे थळ घाट चढून गाडी वर आलेली असायची. सदतीस फुटांत एक फूट चढ असलेला, १८६५ पासून वाहता असलेला घाट तो. कसाऱ्यापासून ढकलत आणणारी बँकर इंजिनं सुटत, आणि त्या काळात पुढचं मुख्य इंजिनही इथेच बदलत असे, कारण मुंबईकडची वीज वेगळी आणि नाशिककडची वेगळी. एवढा सगळा सोहळा उरकून, डब्यातल्या लोकांचे वडे खाऊन होऊन, गाडी शिट्टी मारायची, तरी नानांच्या खिडकीवरचा तिसरा माणूस अजून तिसराच असायचा. 'टण... टण... हं, हा बदला.' ज्यांच्या गाड्या तेव्हा चुकल्या, त्यांच्या तोंडून नानांच्या निष्ठेबद्दल आजही दोन शब्द ऐकायला मिळतात. ते इथे देता येत नाहीत.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, गुडघ्याला लागतात. नाना नाण्याला लागले.

त्यांच्या घरी दोन संग्रह आहेत. खरी नाणी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, कपाटावर, कागदपत्रांच्या खाली. ती कुणी मागितली तर काकूंना स्टूल घ्यावं लागतं. खोटी नाणी मात्र बाहेरच्या खोलीत, सागवानी काचपेटीत, निळ्या मखमलीवर. प्रत्येकाखाली तिकीट क्लार्कच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी. 'रुपया, राणी छाप, १८६२. ओतीव. कडेला सांधा. दोषी.' 'दोन आणे. वजन कमी, आवाज नाही. दोषी.' सोबत लांबलचक नोंदवही आहे. तिच्यात तारीख, आणणाऱ्याचं गाव, वजन, व्यास, दोष आणि निकाल असे रकाने आखलेले. पाहुणा आला की काकू चहा टाकतात आणि नाना 'चला, आरोपी दाखवतो' म्हणून पेटीचा दिवा लावतात.

पहिल्या ओळीत रामदरबार. पितळेचा जाड गोल तुकडा. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, हनुमान. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. हे नाणं महाराष्ट्रात इतक्या देव्हाऱ्यांत आणि तिजोऱ्यांत आहे की कंपनीने खरंच पाडलं असतं तर तिला दुसरं काही पाडायला वेळच उरला नसता. कंपनीने असलं नाणं कधीही काढलं नाही. नाना हे इतिहासाने सिद्ध करतात. "अठराशे अठरा! अहो, त्या साली यांनी पेशवाई बुडवली. बुडवली आणि लगेच हात जोडून रामरायाचं नाणं पाडलं? काही रीत?" या तुकड्यांबद्दल आणखी एक अफवा असते, की अस्सल असेल तर ते तांदूळ ओढून घेतं. या अफवेवर लोकांनी लाखो रुपये घालवलेत. नानांनी प्रयोग केला. घोटीच्या बाजारातला तांदूळ ताटात पसरून मध्ये रामदरबार ठेवला आणि रात्रभर सोडला. सकाळी तांदूळ खरोखर सरकलेला होता. मुंग्यांनी. नानांनी तेही नोंदवहीत लिहिलं.

दुसरी ओळ शिवरायांची. इथे नानांचा आवाज आपोआप खाली येतो. आरोपी असला तरी त्याच्या अंगावर नाव कुणाचं आहे, याचं भान ते ठेवतात. खऱ्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण ती हाताने ठोकलेली. साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे घण पडला की निम्मी अक्षरं तुकड्याच्या बाहेर हवेतच उमटायची. कुठे 'श्री' अर्धा, कुठे 'पति' गेलेला. जत्रेत मिळणाऱ्या शिवराईवर मात्र सगळी अक्षरं शाळेच्या फळ्यावरच्यासारखी मधोमध बसलेली. नानांचं यावर एक वाक्य आहे, ते प्रत्येक पाहुण्याला ऐकावंच लागतं: "ज्या शिवराईवर सगळं वाचता येतं, ती वाचत बसू नका." सोन्याच्या होनाबद्दल तर ते बोलतही नाहीत. कुणी 'आमच्याकडे महाराजांचा होन आहे' म्हटलं की उत्तर न देता सरळ पेटीतल्या रिकाम्या खळीकडे बोट दाखवतात. तिथली चिठ्ठी आधीच लिहून तयार आहे.

तिसरी ओळ १९३९ च्या रुपयांची. सहावा जॉर्ज, चांदी. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, नकला होऊ नयेत म्हणून कडेलाही निराळी खाच आली. त्याआधीचा हा जुन्या चांदीचा शेवटचा रुपया, आणि तो फारच थोडा बाहेर पडला. म्हणून त्याला मोल, आणि मोल म्हणून त्याचे कारागीर. बहुतेक ठिकाणी आकड्यावर हात फिरवलेला. १९३८ च्या आठाचं खालचं पोट एका बाजूने कोरून काढलं की नऊ. "एक आठ कापला की घर बांधता येतं," नाना म्हणतात. अशी त्यांच्याकडे पूर्ण ओळ आहे. एकोणचाळीसचा रुपया कधी खरा असू शकेल, ही शक्यताच त्यांनी व्यवहारातून काढून टाकली आहे.

आणि शेवटी, काचेच्या आतही वेगळ्या काचेखाली, नानांचा लाडका. राणीच्या काळातला रुपया, पण खोटा. आत तांबं, वर चांदीचा पातळ पत्रा. कुण्या सराफाने संशय येऊन छिन्नीने घाव घातलाय, त्यातून आतला लाल रंग दिसतो. हा आजच्या जत्रेतला माल नाही. हा त्याच काळात, त्याच बाजारात, खरा म्हणून खपवायला केलेला. नाना त्या अज्ञात माणसाला 'मिस्त्री' म्हणतात आणि त्याच्याविषयी घरातल्या ज्येष्ठाविषयी बोलावं तसं बोलतात. "साठ सालच्या कायद्यात, म्हणजे अठराशे साठ, राणीचं नाणं बनवलं तर जन्मभर काळं पाणी होतं. तरी मिस्त्रीने हे केलं. पत्र्याची घडी बघा कशी बसवलीय! आणि आताचे? मशीनचं बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं." काकू आतून विचारतात, "म्हणजे काळ्या पाण्याची भीती असती तर आताच्यांनीही चांगलं काम केलं असतं, असं ना?" नाना म्हणतात, "तिला कळत नाही."

नानांची हत्यारं बेताची आहेत. सराफी काटा. लोको शेडमधल्या फिटरने निवृत्तीला भेट दिलेलं व्हर्नियर. फुटलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ज्यातून बघताना नानांचा एकच डोळा वांग्याएवढा दिसतो आणि लहान मुलं घाबरतात. आणि काकूंचं फुलपात्र, जे स्वयंपाकघरातून वारंवार नाहीसं होतं. फुलपात्राचं काम सगळ्यात शास्त्रीय. जुना चांदीचा रुपया हवेत ११.६६ ग्रॅम भरतो. १८३५ साली कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला तेव्हापासूनचं हे वजन. तोच रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबता ठेवून तोलला की साधारण सव्वा ग्रॅमच्या आत घट येते, १.१३ च्या आसपास. जर्मन सिल्व्हरचा त्याच वजनाचा रुपया १.३४ ने घटतो, कारण धातू हलका म्हणून तुकडा मोठा, आणि तुकडा मोठा म्हणून पाणी जास्त हटतं. दोन दशांशांचा हा फरक पकडण्यासाठी पंखा बंद करावा लागतो, दार लावावं लागतं आणि काकूंनी श्वासही बेताने घ्यावा अशी अपेक्षा असते. मे महिन्यात हे विशेष गाजतं.

चुंबकाची गंमत निराळी. लोकांना कुठून तरी कळलेलं असतं की चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं. एक जण १९४७ चा वाघाचा रुपया घेऊन आला. चुंबक लावला, रुपया टपकन चिकटला. माणसाने कपाळावर हात मारला. नाना हळहळले, पण वेगळ्या कारणाने. "खरं आहे हो हे," ते खचून म्हणाले. "शुद्ध निकेल. निकेल चिकटतंच. चिकटलं नसतं तर काही आशा होती."

हे सगळं शास्त्र बाहेर कुठे चाललं असतं, पण इगतपुरीत एक अडचण आहे. पाऊस. इथला पाऊस जूनमध्ये येतो तो गणपती उठेपर्यंत मुक्कामाला असतो. भिंतीला बुरशी, चपलेला बुरशी, पापडाला बुरशी. तांब्याची कुठलीही वस्तू श्रावणात आठ दिवस उघडी ठेवा, नवमीला तिच्यावर सातवाहन काळ उतरलेला असतो. ज्याला जुनेपणा आणायला इतर गावांत ॲसिड, शेणखत, चिंच आणि जमिनीत पुरणं असले उद्योग करावे लागतात, ते काम आमच्याकडे सरकारी खर्चाने, आभाळातून होतं. त्यामुळे हिरवा रंग हा पुरावा नाना मानत नाहीत. "इथे मीसुद्धा हिरवा पडतो," ते म्हणतात. ते कडा बघतात. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याच्या दोन पाळ्यांचा सांधा राहतो, तो कानशीने घासला तरी घासल्याची रेघ राहते. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतात. ठोकलेल्या नाण्यावर धातू बाहेरच्या बाजूला पळालेला दिसतो. ओतलेल्यावर तो नुसता बसलेला असतो. आणि शेवटची परीक्षा, जी नानांना सर्वांत प्रिय: हाताने ठोकलेली दोन नाणी हुबेहूब सारखी निघत नाहीत. दोन नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर दोघांची आई एक आहे आणि ती टांकसाळीत नव्हे, कुणाच्या तरी माळ्यावर राहते.

जुनेपणा आणण्याच्या बाबतीत नाना फक्त एका माणसाला गुरू मानतात, आणि तो परदेशी आहे. बेकर नावाचा जर्मन, दोनशे वर्षांपूर्वीचा. तो ग्रीक-रोमन नाण्यांचे साचे स्वतः कोरायचा आणि नवी चकाकती नाणी लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या पेटीत घालून आपल्या घोडागाडीला बांधायचा. गाडी खडखडत गावोगाव फिरली की नाणी झिजून म्हातारी व्हायची. आपल्या म्हाताऱ्यांना फिरवून आणतो, असं तो म्हणत असे म्हणतात. नानांना ही गोष्ट कळली तेव्हापासून कसारा घाटातून एसटीने जाताना ते खिडकीतून खड्ड्यांकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

आता गिऱ्हाइकं. गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपने नानांना कामाला लावलंय. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच किंवा दहाचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतात, असा निरोप फिरतो आणि घोटी, वाडीवऱ्हे, खर्डी अशा सगळ्या बाजूंनी माणसं येतात. नानांच्या दृष्टीने हा अत्यंत निराशाजनक माल, कारण नाणं खरं असतं. ते खरंच सरकारने काढलंय. खोटा आहे तो निरोप. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली सांगितलं की आमच्या नावाने जुन्या नाण्या-नोटांसाठी कर, कमिशन मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. नानांनी ते पत्रक भिंतीला लावलंय. पण आलेला माणूस भिंत वाचत नाही.

"नाना, किती येतील?"

"पाच."

"लाख?"

"रुपये."

"पण त्यात छापलंय बघा, वैष्णोदेवी..."

"देवीला दंडवत घाल आणि दोन वडे घे त्याचे. एकच येईल बहुतेक."

उलट बाजारात लोक खरं दहाचं नाणं घेत नाहीत, त्याचा नानांना संताप. भाजीवाली म्हणते, ह्याच्यावर दहा रेघा आहेत, माझ्याकडच्यावर पंधरा, हे चालत नाही. नाना पिशवी खाली ठेवतात. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की चौदा तऱ्हेची दहाची नाणी आहेत आणि सगळी चालतात; इथपासून ते मुंबई टांकसाळीचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची काहीच खूण नसण्याची खूण, इथपर्यंत ते जातात. मागे मेथीची जुडी सुकत असते. शेवटी भाजीवाली नाणं घेते. पटल्यामुळे घेते असं मला वाटत नाही. माझा अंदाज असा, की इगतपुरीच्या बाजारात दहाचं नाणं चालतं याचं निम्मं श्रेय रिझर्व्ह बँकेचं आणि निम्मं लोकांना घरी जायची घाई असते याचं.

वर्षातून एक-दोनदा नाना पांढरा शर्ट घालून अंजनेरीला जातात. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर तिथे नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्त आणि माहेश्वरी यांनी उभी केलेली, आणि तिथलं संग्रहालय म्हणजे नानांची पंढरी. ज्या जिल्ह्यात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात, त्याच जिल्ह्यात नाण्यांची ही संस्था. नानांच्या मते हा योगायोग नव्हे, नाशिक जिल्ह्याच्या पत्रिकेतच धनस्थान बलवान आहे. पण एका गोष्टीमुळे तिथून त्यांना नेहमी डोकेदुखी घेऊन यावं लागतं. जोगलटेंभीचा ठेवा. १९०६ साली नाशिकजवळ सापडलेली तेरा हजारांवर चांदीची नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. नहपानाचा चेहरा खाली, वर सातवाहनांची टेकडी आणि उज्जैनचं चिन्ह. हे खरं म्हणायचं का खोटं? धातू नहपानाचा, हुकूम सातकर्णीचा. दुसऱ्याच्या नाण्यावर हात फिरवला, म्हणजे एकोणचाळीसच्या नऊसारखीच कलमं लागतात. पण हात फिरवणारा राजाच. "राजाने केलं की त्याला इतिहास म्हणतात," नाना कडवटपणे म्हणाले, "आणि आमच्या मिस्त्रीला काळं पाणी." बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी जागा बदलली.

घरचे या नादाला कंटाळले नाहीत असं नाही. नानांना आता नाण्याशिवायही काही खरं वाटेनासं झालंय. पनीर ते आयोडीनचे थेंब टाकून खातात. मधाची बाटली आली की काडी पेटवतात. जावई पाहायला गेले तेव्हा त्याच्या पदवीच्या प्रमाणपत्राची कडा त्यांनी उजेडाकडे धरून तपासली. जावई चांगला निघाला, त्याने आजवर मनात धरलेलं नाही. शेवटी काकूंनी आणि मुलीने मिळून त्यांना धम्मगिरीला पाठवलं. जगभरची माणसं विपश्यनेला आमच्या गावात येतात. नानांना फक्त टेकडीपर्यंत रिक्षा करायची होती. दहा दिवसांचं शिबिर, मौन. घरात इतकी शांतता पसरली की काकूंना सुरुवातीला झोप येईना. दहाव्या दिवशी मौन सुटतं. तेव्हा शेजारी बसलेल्या एका गोऱ्या साधकाशी नानांनी जे पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की तुमच्या गळ्यातलं ते नाणं ओतीव आहे, पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं. साधकाने शांतपणे स्मित केलं. त्याला शिबिर लागू पडलं होतं.

एकदाच मी नानांना निरुत्तर झालेलं पाहिलं. डोंगराकडच्या पाड्यावरची एक म्हातारी आजी, ठाकर समाजाची, दवाखान्याला आली होती आणि ओळखीने नानांकडे चहाला टेकली. गळ्यात जुन्या रुपयांची माळ. नानांचा डोळा माळेवर खिळला. भिंग आलं, काटा आला. आजीने बिनतक्रार माळ काढून दिली आणि खारी चहात बुडवली. अर्ध्या तासाने नाना खुर्चीत मागे रेलले. त्यांनी घसा साफ केला, पाणी प्यायले, बोलणं दोनदा लांबवलं. इतकी हळुवार प्रस्तावना त्यांनी मुलीच्या लग्नाच्या बोलणीतही केली नव्हती.

"आजी, मनाला लावून घेऊ नका. पण यातला एकही रुपया खरा नाही."

"म्हाईत हाय की," आजी म्हणाली.

"माहीत आहे?"

"खरं समदं माझ्या सासूनं बहात्तरच्या दुष्काळात इकलं. मंग गळा मोकळा बरा दिसंना, तवा ह्ये घेतलं बाजारातून. चोराला काय कळतंय?" आणि तिने खारीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "तुम्हास्नी कळाय एवढा टाइम लागला व्हय?"

नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. निकाल बरोबर होता, पुरावा चोख होता. पण आरोपीने आधीच कबुली देऊन ठेवलेली होती, आणि ती ऐकायची गरज एवढ्या वर्षांत कुणालाच पडली नव्हती. नोंदवहीत त्या माळेची नोंद नाही.

राहता राहिली गेल्या दिवाळीची गोष्ट. नानांच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक रुपया असतो. काकूंच्या वडिलांनी लग्नात दिलेला. वर्षानुवर्षांच्या हळदी-कुंकवाने आणि तांदळाच्या पिठाने त्याच्यावर इतका थर बसला होता की राजा आहे की राणी, हेही दिसत नसे. नानांनी तो कधी तपासला नव्हता. गरज नव्हती. सासऱ्यांनी दिलेला म्हणजे खोटा, हा निकाल लग्नाच्या मांडवातच लागलेला होता. हुंडा घेतला नाही याचा मोबदला म्हणून सासऱ्यांनी जर्मन सिल्व्हर दिलं, असं ते काकूंसमोर सोडून सगळ्यांसमोर म्हणत.

यंदा नातवाने तो रुपया लिंबाने घासला. (चांदीचं जुनं नाणं घासू नये, किंमत जाते, हे नाना जगाला सांगतात, नातवाला सांगायचं राहिलं.) थर निघाला. सहावा जॉर्ज. नातवाने साल वाचलं, "एक, नऊ, तीन, नऊ."

नाना हसले. बऱ्याच दिवसांनी मोकळे हसले. म्हणाले, "आण इकडे. तुझ्या पणजोबांनीही आठ कापलाच शेवटी."

काटा: ११.६६ पेक्षा केसभर कमी, झिजेचा. व्हर्नियर: बरोबर. कडा: सरळ दाते, सांधा नाही, चाळीस सालची खाच नाही. फुलपात्र गेलं, पंखा बंद झाला, ऐन फराळाच्या वेळी दार लागलं. घट १.१३. भिंगाखाली नऊ. नऊच्या खाली आठाचं पोट शोधलं, कोरल्याची रेघ शोधली, धातू खरवडल्याचा खड्डा शोधला. नऊ आपल्या जागी नऊच होता. फरशीवर टाकला तर तो इतका वेळ वाजत राहिला की आतून काकूंनी विचारलं, दारावर कुणी आलंय का.

भाऊबीज होताच नाना तो रुपया रुमालात बांधून जाणत्यांना दाखवून आले. परत आले ते पाय ओढत. मी ओट्यावर होतो. विचारलं, काय झालं. "खरा आहे म्हणतात," नाना म्हणाले. दुखवट्याला आलेला माणूस बोलतो त्या आवाजात.

काकूंनी हात पुढे केला. "द्या इकडे. देव्हाऱ्यात ठेवायचाय."

"अगं, पण याची किंमत माहितीय का तुला?"

"आमच्या दादांनी दिलाय म्हटल्यावर खराच असणार. त्याला काटा कशाला लागतो?"

रुपया देव्हाऱ्यात गेला. काकूंनी त्याला पहिल्यापेक्षा दुप्पट कुंकू लावलं, बहुधा मुद्दाम. परवा नाना बाजारात गेले असताना मी नोंदवही चाळली. शेवटच्या पानावर ती नोंद आहे. वजन, व्यास, आवाज, सगळे रकाने सुवाच्य भरलेले. 'आणणारा' या रकान्यात 'सासरे'. 'दोष' या रकान्यात काहीतरी लिहून खोडलंय, पुन्हा लिहून पुन्हा खोडलंय. आणि 'निकाल' या रकान्यात, रेल्वेच्या जुन्या वळणात, लाल शाईने: 'प्रलंबित.'